गाण्याखालची सही

प्रस्तावना

लखनौत कुणाला सरकारच्या दारात धरणं धरायचं असेल, तर पोलीस त्याला आलमबागेतल्या इको गार्डनचा रस्ता दाखवतात. विधानभवनासमोर बसू देत नाहीत. हजरतगंजच्या गांधी पुतळ्यापाशी जमलेल्यांना गाडीत घालून इकडे आणून सोडतात. जुनं जिल्हा कारागृह पाडून त्या जागी ही बाग झाली. तिला नाव बहुजन चळवळीचे नेते कांशीराम यांचं आहे आणि जवळच त्यांचं भव्य स्मारक आहे. ६९,००० सहायक शिक्षकांच्या भरतीत राखीव जागांचा हिशेब नीट झाला नाही, असं म्हणणारे तरुण-तरुणी इथंच शेकडो दिवस बसून होते.

मी आलमबागेत राहते आणि या मांडवांत जाऊन बसणं ही माझी जुनी सवय आहे. घोषणा देऊन घसे बसतात, ऊन चढतं, मग कुणीतरी डफली पुढं ओढतं आणि गाणं निघतं. कधी भोजपुरी, कधी अवधी, कधी सिनेमाच्या चालीवर बसवलेलं हिंदी. गाणं चांगलं असलं की मी विचारते, कुणाचं? उत्तर बहुधा एकच येतं : ‘आंदोलन का है.’ त्या उत्तरातला आपलेपणा मला कळतो. पण गाणं आंदोलन लिहीत नाही. लिहिणारा कुणी एक माणूस असतो. रात्र जागून त्यानं एक शब्द ठेवलेला असतो आणि दुसरा खोडलेला असतो. या पुस्तकात ज्यांची ओळख करून द्यायची आहे ती अशीच माणसं आहेत : महाराष्ट्रातले आंबेडकरी शाहीर, आणि त्यांच्यातही मुख्यतः वामनदादा कर्डक. त्यांना लेखक म्हणून वाचावं, एवढाच माझा आग्रह आहे.

वामनदादांबद्दल लखनौहून का लिहायचं, असा प्रश्न वाचकाला पडेल. ज्यांच्या नावाच्या बागेत ही धरणी होतात त्या कांशीरामांचं राजकीय शिक्षण पुण्यात झालं. पंजाबातून ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत नोकरीला आले. तिथं आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्यांवरून झगडा झाला. दीनाभाना आणि डी. के. खापर्डे या सहकाऱ्यांच्या सोबतीत त्यांनी बाबासाहेब वाचले, आणि पुढं नोकरी सोडली. १९७८ साली बामसेफ आणि १९८१ साली डीएस-फोर या संघटना उभ्या करताना त्यांनी जागृती जत्थे काढले. गाणी आणि छोटी नाटकं घेऊन कार्यकर्ते वस्त्यांत जायचे. महाराष्ट्रात हे काम जलसा, म्हणजे तमाशाच्या घाटातला प्रबोधनाचा खेळ, कितीतरी आधीपासून करत आला होता. उत्तरेची भूमीही काही कोरी नव्हती. कानपूरच्या स्वामी अछूतानंदांनी आदि हिंदू चळवळीसाठी पदं आणि नाटकं लिहिली होती. लखनौच्या सआदतगंजात चंद्रिकाप्रसाद जिज्ञासूंचं बहुजन कल्याण प्रकाशन स्वस्त पुस्तिका छापत होतं, आणि त्या मेळ्यांतून विकल्या जात होत्या. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आपल्याकडं जसे रंगायचे, तसेच कानपूर-आग्र्याच्या लावणीच्या आखाड्यांतही रंगायचे. तेव्हा या दोन प्रांतांतलं गाण्याचं नातं जुनं आहे. त्याच्याकडं आपण फारसं पाहिलेलं नाही, इतकंच.

जलशाची पाळंमुळं सत्यशोधक समाजात आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली समाज स्थापन केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सत्यशोधक जलसे गावोगाव फिरू लागले. महाडचा सत्याग्रह (१९२७) आणि नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह (१९३०) यांच्या आसपास आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी पुढं ‘आंबेडकरी जलसे’ या विषयावर पुस्तकही लिहिलं. आपल्या दहा सभा आणि यांचा एक जलसा यांचं मोल सारखं, असं बाबासाहेब म्हणाल्याची आठवण जलसेकऱ्यांच्या घरांतून अजून सांगितली जाते.

जलशानं तमाशाचा सांगाडा तसाच ठेवला. ढोलकी, तुणतुणं, टाळ, मागं झिलकरी. आधी गण, मग सवाल-जवाब, शेवटी वग. रात्री कंदिलाच्या उजेडात बसलेल्या माणसाला यातलं काहीच शिकवावं लागत नव्हतं. कधी हसायचं, कधी झील धरायची, हे त्याला ठाऊक होतं. बदललं ते आतलं. गणात गणपतीच्या जागी बाबासाहेबांना वंदन आलं. गवळणीतली थट्टा गेली. सवाल-जवाबात पाणवठा आला, सावकार आला, मेलेलं ढोर ओढायचं की नाही हा वाद आला, पोराला शाळेत घालायचं की वतनाच्या कामाला जुंपायचं हा प्रश्न आला. माझ्या मते मराठी रंगभूमीच्या इतिहासातली ही एक मोठी घटना आहे. ज्या कलेवर महार-मांगांच्या पिढ्या दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी राबल्या, तीच कला त्यांनी स्वतःच्या प्रश्नांसाठी वापरायला घेतली. नाट्येतिहासाच्या जाड ग्रंथांत तिला एखादा परिच्छेद मिळतो.

या परंपरेत वामनदादा आले ते काहीसे उशिरा, आणि वेगळ्या वाटेनं. जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. लहानपणी शाळा मिळाली नाही. मुंबईत आले, मिळेल ती मजुरी केली, गिरणीत राबले. सिनेमात जायचं मनात होतं, म्हणून स्टुडिओंत एक्स्ट्रा म्हणूनही उभे राहिले. अक्षरओळख झाली ती वाढत्या वयात. चाळीत कुणीतरी त्यांच्या हातात पत्र दिलं, जरा वाचून दाखव म्हणाला, आणि वाचता येईना. ती शरम त्यांना सोसली नाही. समता सैनिक दलातल्या देहलवी मास्तरांकडं त्यांनी मुळाक्षरं गिरवली आणि पुढं दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं पक्की केली. १९४३ साली एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर त्यांनी पहिलं गाणं केलं. तिथून साठ वर्षं, म्हणजे १५ मे २००४ ला देह ठेवीपर्यंत, ते लिहीत आणि गात राहिले. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह आणि ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन छापलं गेलं. गाण्यांची संख्या हजारांत जाते. त्यातली पुष्कळशी वस्त्यांमधल्या वह्यांतच राहिली.

अक्षर उशिरा हाती आलेला माणूस कसा लिहितो, हे त्यांच्या गाण्यांत दिसतं. डोळ्यांना छान दिसणाऱ्या शब्दाचा त्यांना मोह नाही. प्रत्येक ओळ आधी तोंडानं म्हणून पाहिलेली असते.

हे जरा जवळून पाहू. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गेलेल्यांना शिवाजी पार्कातल्या गाण्यांच्या पुस्तिका माहीत आहेत. पातळ, पिनेनं टाचलेल्या, निळ्या मुखपृष्ठाच्या. आत प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ‘चाल :’ असं छापलेलं, आणि पुढं एखाद्या सिनेगीताचे चार शब्द. बऱ्याच साहित्यिकांनी एवढ्यावरून हे लेखन बाजूला सारलं. सिनेमाच्या चालीवर बेतलेलं, म्हणजे उसनं. त्यांनी या चालीचं काम काय ते विचारलंच नाही. ज्या वस्तीत पेटी नाही, स्वरलिपी वाचणारा नाही, रेडिओ मात्र कुठंतरी वाजतो आहे, तिथं चाल आधीच पोचलेली असते. पुस्तिकेतून फक्त शब्द जायचे बाकी असतात. नांदेडजवळच्या एखाद्या गावात रविवारी पुस्तिका पोचली, तर सोमवारी रात्री विहारात ते गाणं म्हटलं जाऊ शकतं. छापखाना, रेडिओ आणि घसा या तिन्हींचा असा मेळ घालायला डोकं लागतं.

चाल ठरली की अक्षरांची संख्या बांधली जाते, आणि कवीची खरी परीक्षा तिथून सुरू होते. ‘राज्यघटना’, ‘स्वातंत्र्य’, ‘धर्मांतर’ हे शब्द प्रेमगीताच्या सुरावटीत सहज मावत नाहीत. त्यांतली जोडाक्षरं लांबवलेल्या स्वरावर आली की गळ्यात अडकतात. म्हणून जाणता शाहीर त्यांना ओळीच्या सुरुवातीला, ठेक्यावर घेतो आणि ओळीचा शेवट मोकळ्या ‘आ’वर किंवा ‘ए’वर सोडतो, म्हणजे उघड्या मैदानात कर्ण्याशिवायही आवाज पोचतो. टेक एका श्वासात बसायला हवी आणि दुसऱ्यांदा ऐकताच झिलकऱ्यांना ती उचलता यायला हवी. अंतऱ्यात एकच मुद्दा हवा, कारण ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून पाहता येत नाही. वामनदादांची चांगली गाणी या कसोट्यांवर घासून पाहावीत. मग या साधेपणामागं किती कष्ट आहेत ते उमगेल.

शेवटच्या अंतऱ्यात बहुधा ‘वामन’ येतो. संतांच्या अभंगांत नाममुद्रा येते तशीच. जे गाणं कागदावरून कमी आणि तोंडातोंडी जास्त जाणार, त्याची सही गाण्याच्या आतच गुंफून ठेवावी लागते. नाव वृत्तात बसवलेलं असलं की ते काढताना ओळ लंगडते. तरीही ते काढलं गेलं. गायकांनी शेवटचा अंतरा गाळला, वामनच्या जागी तीन अक्षरांचं दुसरं नाव घातलं. कॅसेटचा जमाना आला तेव्हा वेष्टणावर गायकाचा फोटो मोठा आणि कवीचं नाव असलं तर बारीक. वामनदादा स्वतः मागेल त्याला गाणं देत. कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम, सकाळी दोन गाणी लिहून द्यायची आणि पुढच्या गावची एसटी धरायची, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं. त्यांचा उदारपणा थोर होता. पण त्या उदारपणाच्या आडोशानं आपण सगळ्यांनी त्यांचं देणं बुडवलं, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी बौद्ध धम्म स्वीकारला, आणि दोनच महिन्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. हा काळ गाण्याच्या दृष्टीनं फार महत्त्वाचा आहे. जुने देव घरातून उतरवले होते. त्यांच्याबरोबर पाळणा, हळद, वरात, मरणानंतरची भजनं, सगळ्यांतले शब्दही गेले होते. बाळाला झोपवताना आता काय म्हणायचं? नवरीच्या अंगाला हळद लावताना कुठलं गाणं? इतकी माणसं इतक्या वेगानं नव्या जीवनपद्धतीत आली, त्यांना समजावून सांगणारी ग्रंथसंपदा घराघरांत असणं शक्यच नव्हतं. ती उणीव गाण्यांनी भरली. बुद्ध कोण, पंचशील काय, बावीस प्रतिज्ञा का घेतल्या, हे असंख्य बायाबापड्यांना पहिल्यांदा कळलं ते पाळण्यातून आणि कव्वालीतून. वामनदादा, श्रावण यशवंते, पुढं विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्यासारखे लिहिणारे आणि गाणारे नसते, तर हे धर्मांतर कागदावर झालं असतं, पण ओठांवर रुळायला किती वर्षं लागली असती कोण जाणे. उमपांचं मरणही गाण्यातच आलं. २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरला मंचावरच ते कोसळले.

बायकांचं गाणं या हिशेबातही मागं राहतं. शाहिरांच्या आधी आणि शाहिरांच्या बरोबरीनं जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत भीमरायावरच्या ओव्यांचा मोठा ठेवा आहे. त्या संकलनात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. मला ती नोंद ओवीइतकीच मोलाची वाटते. आज एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाइलवरून घराघरांत पोचल्या आहेत, त्या याच ओळीतल्या.

लाल बावट्याच्या शाहिरांचा विचार इथं थोडक्यात करते, कारण त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली कलापथक काढलं. सरकारनं त्यांच्या तमाशांवर बंदी आणली, तर त्यांनी त्याच खेळाला लोकनाट्य म्हटलं आणि खेळ चालू ठेवला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड आजही अंगावर काटा आणते. बेळगाव, कारवार, डांग यांच्यावाचून राहिलेल्या राज्याचं दुःख तिथं मैनेच्या विरहाच्या रूपात उभं राहतं, आणि लावणीच्या घाटातून एक राजकीय मागणी काळजाला भिडते. निळ्या आणि लाल झेंड्यांमध्ये पुढाऱ्यांनी जे अंतर ठेवलं, ते शाहिरांनी पुष्कळदा ओलांडलं. विलास घोगरे त्यांच्यापैकीच एक. मुलुंडच्या झोपडपट्टीतला हा शाहीर आव्हान नाट्य मंचात गायचा. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या चित्रपटात त्याचा आवाज आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि दहा जणांचा जीव घेतला. चार दिवसांनी विलासनं गळफास घेतला. त्याच्या कपाळाला निळं फडकं बांधलेलं होतं. पटवर्धनांनी पुढची चौदा वर्षं ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट बनवण्यात घालवली. विलासबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. त्याच्या गाण्यांचा सटीप संग्रह आपल्या वाचनालयांत सहज मिळायला हवा होता.

गाणाऱ्याला त्रास देणं थांबलेलं नाही. पुण्यात २००२ साली सुरू झालेल्या कबीर कला मंचातले शीतल साठे आणि सचिन माळी २०१३ साली विधानभवनाबाहेर पोलिसांच्या स्वाधीन झाले. इकडं उत्तर प्रदेशात २०२३ च्या फेब्रुवारीत कानपूर देहातमध्ये अतिक्रमण हटवण्याच्या कारवाईत झोपडी पेटली आणि आई-मुलगी जळून मेल्या. त्यावर भोजपुरी लोकगायिका नेहा सिंह राठोड यांनी गाणं केलं. पोलीस त्यांच्या दारी नोटीस घेऊन गेले. त्या नोटिशीतल्या प्रश्नांत एक प्रश्न हाही होता की, या गाण्याचे शब्द तुम्ही स्वतः लिहिले आहेत का? मी ती नोटीस वाचली तेव्हा फार वेळ त्या प्रश्नापाशी थांबले. गाणं कुणी लिहिलं याची चौकशी सत्ता इतकी बारकाईनं करते. ते गाणं ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांनीही ती करायला हवी, प्रेमानं आणि कृतज्ञतेनं.

लखनौत मराठी माणूस म्हटलं की गाण्यातल्या लोकांना पहिलं नाव आठवतं ते विष्णू नारायण भातखंडे यांचं. १९२६ साली इथं मॅरिस कॉलेज उभं राहिलं ते त्यांच्या ध्यासातून. कैसरबागेतल्या त्या संस्थेला आज त्यांचंच नाव आहे. पेशानं वकील असलेला हा मुंबईचा माणूस रामपूर, जयपूर अशा ठिकाणी उस्तादांच्या पायाशी बसला, त्यांच्या गळ्यातल्या बंदिशी त्यानं ऐकल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. सदारंग, अदारंग यांच्या मुद्रा त्यामुळं टिकल्या. स्वतःच्या रचनांत ते ‘चतुर’ आणि ‘हररंग’ या मुद्रा घालत. गाण्यातल्या नावाचं मोल त्यांना पुरतं ठाऊक होतं. भातखंड्यांच्या कामावर आक्षेप घेता येतात, उस्तादांकडं पाहण्याच्या त्यांच्या दृष्टीवरही घेता येतात. पण ते काम झालं म्हणून आज ख्यालाचा अभ्यास करता येतो. जलशाच्या वाट्याला असं कुणी आलं नाही. ढोलकीचे बोल, झिलकऱ्यांच्या जागा, एकाच गाण्याची नगर जिल्ह्यातली आणि विदर्भातली पाठांतरं, कोणत्या साली कोणत्या मोर्च्यासाठी कोणतं कडवं वाढवलं, यांची नोंद जाणकार म्हाताऱ्यांबरोबर जळून गेली. ज्यांनी ती ठेवायची, त्या संस्थांना हे संगीत वाटलंच नाही. यामागं जात आहे, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

काही जण म्हणतील, प्रचाराच्या गाण्याला एवढं कशाला जपायचं? मोर्चा संपला की गाणं संपलं. त्यांच्याशी मी अर्धी सहमत आहे. या परंपरेतली पुष्कळ गाणी खरोखरच एका दिवसापुरती आहेत, काही नुसतीच जयजयकाराची आहेत, आणि वामनदादांचंही सगळंच सारख्या तोलाचं नाही. निवडणुकीसाठी घाईनं केलेली गाणी आज वाचवत नाहीत. पण निवड करायची तर आधी सगळं समोर हवं. ख्यालाच्या सामान्य बंदिशीही आपण सांभाळून ठेवल्याच ना? वामनदादांच्या उत्तम गाण्यांत नेत्यांना विचारलेले खडे सवाल आहेत. बाबासाहेबांनंतर गटातटांत फुटलेल्या माणसांवर त्यांनी जो राग धरला, तो परका माणूस धरूच शकत नाही. अशी गाणी प्रचाराच्या खात्यात टाकणाऱ्यांनी ती एकदा सलग वाचावीत.

आता या पुस्तकाच्या मांडणीविषयी. गाणी छापताना प्रमाणभाषेचे संस्कार केलेले नाहीत. वहीत जसं सापडलं तसं ठेवलं आहे, कारण ‘शुद्ध’ केलेल्या ओळी ठेक्यातून सुटतात. एकाच गाण्याचे दोन पाठ मिळाले तिथं दोन्ही दिले आहेत. प्रत्येक गाण्यावर चाल आहे. आजच्या तरुण वाचकांना त्यातली जुनी सिनेगीतं माहीत नसतील, तर ती आधी ऐकावीत आणि मग ही पानं मोठ्यानं वाचावीत. मनातल्या मनात वाचून यातलं निम्मंही हाती लागणार नाही. गाणं कुणी म्हणून दाखवलं, कोणत्या गावी, कुणाच्या वहीतून, हे जिथं कळलं तिथं खाली लिहिलं आहे. जिथं कवीचं नाव मिळालं नाही तिथं ‘पारंपरिक’ असं लिहिण्याचा प्रघात आम्ही मोडला आहे आणि ती जागा मोकळी सोडली आहे. एखाद्या वाचकाच्या घरी आजोबांची वही असेल, आजीला कडवं पाठ असेल, मुद्रेतलं नाव आठवत असेल, तर त्यांनी या प्रतीतच पेन्सिलीनं ते लिहावं आणि प्रकाशकांना कळवावं. दुसऱ्या आवृत्तीत ते छापलं जाईल, सांगणाऱ्याच्या नावासकट.

आलमबाग, लखनौ